पोर शाळेत नुसतं खेळतं का?



मागच्या महिन्याची आमच्या गटाची बैठक. हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या-अंगठे झाले आणि कर्जाच्या मागणीचा विषय निघाला. एक ताई म्हणाली, "मला बारा हजार पाहिजेत. पोराला गावच्या शाळेतनं काढून तालुक्याला इंग्रजी शाळेत घालते. इथं पहिलीत नुसतं खेळवतात. वही बघावी तर कोरी. आज काय शिकलास विचारलं, तर म्हणतो, चिंचोके मोजले अन् गाणं म्हटलं." दोघीतिघींनी माना डोलावल्या.

कर्ज कुणाला द्यायचं हे गट ठरवतो. पण ती कोरी वही माझ्या डोक्यातून जाईना. मी बी.ए. झालेली असले तरी पहिलीच्या वर्गात बसून मला पंचवीसेक वर्षं होऊन गेली. आता तिथं काय चालतं, मला तरी कुठं ठाऊक होतं? मग बाईंना विचारून मी आणि ती ताई एक दिवस परिपाठापासून खिचडीच्या सुट्टीपर्यंत वर्गात बसलो. जे पाहिलं आणि बाईंनी जे समजावून दिलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी बोलणं

परिपाठ झाला आणि मुलं सतरंजीवर गोल करून बसली. बाईंनी बाजाराचं एक मोठं चित्र भिंतीला लावलं आणि विचारलं, "यात काय काय दिसतंय?" कुणी म्हणालं भाजीवाली, कुणी म्हणालं शेळी. एक मुलगी उठून म्हणाली, "माझी आजी बी बाजारात बसते." बाई म्हणाल्या, "हो का? काय विकते आजी?" झालं, ती मुलगी पाच मिनिटं बोलत होती.

ताई माझ्या कानात म्हणाली, "बघ, गप्पाच चालल्यात." पण जे पोर धड बोलत नाही, ते वाचायला लागलं तरी त्याला अर्थ लागत नाही. 'तराजू' हा शब्द ज्यानं कधी ऐकलाच नाही, त्यानं तो अक्षर लावून वाचला तरी त्याच्या हाती काय येणार? म्हणून पहिलीत गप्पा, गोष्टी, गाणी हा अभ्यासच असतो. आणि त्या मुलीनं 'बी' म्हटलं म्हणून बाई तिला रागावल्या नाहीत. घरची बोली चुकीची म्हटली, की मूल तोंडच मिटून घेतं. पुस्तकातली भाषा ते हळूहळू शिकतं.

मग कान, नंतर डोळे

पुढचा खेळ आवाजांचा. बाई म्हणाल्या, "क नं सुरू होणारी वस्तू सांगा." कढई, कणीक, कपबशी, कणगी! मुलं नुसती ओरडत होती. पण ओरडता ओरडता शब्दातला पहिला आवाज वेगळा काढायला ती शिकत होती. तो आवाज कानाला कळला, की त्याची खूण म्हणजे अक्षर, हे डोक्यात पक्कं बसतं.

आपल्या वेळी अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं आधी पाठ व्हायची आणि शब्द फार उशिरा यायचे. इथं बाईंनी न, म, ल, र एवढीच चार अक्षरं आणि एक काना घेतला होता. तेवढ्यावर मुलं कार्डं जुळवून मामा, नाना, रान, लाल, नाला असे शब्द करत होती. चारच अक्षरं येत असली तरी मूल शब्द वाचतं, म्हणून त्याला वाचायची गोडी लागते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. धडा घडाघडा म्हणणं म्हणजे वाचणं नाही. पुष्कळ पोरं चित्र बघून सगळं पान तोंडपाठ म्हणतात. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हा कुठला?" असं विचारा, म्हणजे खरं काय ते कळतं.

आणि वही का कोरी? सहा वर्षांच्या मुलाची बोटं अजून पक्की झालेली नसतात. म्हणून आधी माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, पाटीवर आडव्या-उभ्या रेघा मारणं. या सगळ्यानं पेन्सिल धरायची ताकद येते. त्या दिवशी मुलांनी पाटीवर लिहिलं, जमिनीवर खडूनं लिहिलं, हवेत बोटानं गिरवलं. यातलं काहीच वहीत दिसत नाही.

पंचवीस की बावन्न?

आता माझी स्वतःची चूक सांगते. माझी मुलगी दुसरीत असताना मी रोज रात्री तिच्याकडून एक ते शंभर लिहून घ्यायची. ती न अडखळता लिहायची आणि मी खूश. एकदा पापडाची पाकिटं भरत होतो. तिला म्हटलं, "पाकिटावर पंचवीस लिही." तिनं लिहिलं 52. मी पाठीत धपाटा घातला. "रोज लिहितेस ना, मग?"

त्या दिवशी वर्गात मला कळलं की चूक तिची नव्हती. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच बोलतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी 2 आणि मग 5. मूल जसं ऐकतं तसं लिहितं, म्हणून 25 चे 52 होतात. एकोणतीस तर आणखी अवघड. नावात तीस ऐकू येतं आणि लिहायला सुरुवात 2 नं. 'तिसाला एक कमी' असा त्याचा अर्थ, पण मुलाला तो कुणी सांगत नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस' सोबत 'वीस पाच' असं वाचायची रीत आली, तेव्हा पुष्कळ वाद झाला होता. मीही हसले होते. आता कळतंय की ते ह्या अडचणीवरच काढलेलं औषध होतं.

वर्गात बाईंनी काय केलं? खराट्याच्या काड्या होत्या. दहा काड्या मोजायच्या आणि रबर लावून गठ्ठा बांधायचा. गठ्ठे डाव्या हाताला, सुट्या काड्या उजव्या हाताला. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या म्हणजे पंचवीस. मग पाच गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवून विचारलं, "आता किती? कुठला ढीग मोठा?" एकदा दोन्ही ढीग शेजारी शेजारी पाहिले, की 25 आणि 52 मधला फरक मुलाच्या हाताला कळतो. मी शंभर रात्री लिहून घेतलं त्यानं जे झालं नाही, ते काड्यांनी झालं.

इथं ताई एकदम म्हणाली, "अगं, हे तर आपल्या पेटीसारखं आहे! दहाच्या नोटांची चळत एकीकडं, सुटे रुपये एकीकडं." अगदी बरोबर. बजेवर मोठी बेरीज करायची, तर सुट्या काड्या दहा झाल्या की त्यांचा गठ्ठा होऊन डावीकडं जातो. हाच 'हातचा'. सही येत नाही म्हणून स्वतःला अडाणी म्हणणारी आपली ताई दर महिन्याला हातचा घेतच असते.

हे काही नवं खूळ नाही

आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडला नेलं. विकतची महागडी खेळणी परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पानं, माती हेच त्यांचं साहित्य. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच अंगणात नेली. आज वर्गातले चिंचोके बघून नाक मुरडताना हे आठवावं.

सरकारनंही 2021 च्या जुलैमध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी, हे त्याचं ध्येय. तिसरीच का? कारण त्यानंतर सगळे विषय पुस्तक वाचूनच शिकायचे असतात. ज्याला तोवर वाचता येत नाही ते पोर मागच्या रांगेत सरकतं, गप्प होतं आणि पुढं शाळेला दांड्या मारतं. मुलगी असेल तर "जमत नाही तर राहू दे घरी" म्हणायला आपण टपलेलेच असतो.

आपण काय करायचं?

वाचता न येणाऱ्या आईलाही हे सगळं जमतं.

मुलाला रोज शाळेत पाठवा. बाजाराचा दिवस आहे, पाहुणे आलेत, धाकट्याला सांभाळायचंय म्हणून घरी ठेवू नका. आज गठ्ठा चुकला की उद्याची बेरीज कळत नाही.

काम करता करता मोजायला लावा. जेवणाऱ्या माणसांची ताटं किती, अंडी किती, दहादहाच्या पापडांचे गठ्ठे किती. निवडताना मूग आणि मटकी वेगळी करायला द्या.

रात्री एक गोष्ट सांगा आणि मध्येच थांबून विचारा, "मग पुढं काय झालं असेल?"

मिठाच्या पुडीवरचं, एसटीच्या पाटीवरचं अक्षर ओळखायला लावा. चुकलं तर मारू नका, "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा.

आणि शाळेतही जा. सगळीकडं असंच चालतं असं मी म्हणत नाही. एकाच बाईकडं दोन-दोन वर्ग असतात, वर कागदपत्रांची कामं. मुलं दिवसभर नुसतीच हुंदडत असतील, कुणी त्यांना काही विचारत नसेल, तर त्याला खेळातून शिकणं म्हणत नाहीत. बाई खेळताना मुलांना प्रश्न विचारतात का, कुठलं पोर मागं आहे हे त्यांना सांगता येतं का, एवढं बघा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असायला हव्यात. म्हणजे ती खुर्ची आपली आहे. तिथं बसून "वही कोरी का?" याच्याऐवजी "माझ्या पोराला काय येतं आणि काय येत नाही?" असं विचारा.

आमच्या त्या ताईनं कर्जाची मागणी मागं घेतलेली नाही, पुढं ढकलली आहे. म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते. मधल्या शब्दावर बोट ठेवून विचारते. आलं तर इथंच, नाही आलं तर मागते पैसे." मला तिचं हे म्हणणं पटलं. पोरगं कुठं घालायचं हे तिनं ठरवावं, पण आता ती बघून ठरवणार आहे.

मी घरी आले आणि खराट्याच्या पंचवीस काड्या काढून मुलीसमोर ठेवल्या. आता ती चौथीत आहे. तिनं दोन गठ्ठे बांधले, पाच सुट्या ठेवल्या आणि म्हणाली, "आई, हे मला येतं गं." मी म्हटलं, "तुला येतं. मलाच यायचं राहिलं होतं."

तुमच्याही गटाच्या पुढच्या बैठकीला येताना दहा काड्या आणि एक रबर घेऊन या.