कॅरेक्टरला ईएमआय नसतो

सोमवार ते शुक्रवार ती हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मीटिंगमध्ये कुणी तिचं बोलणं मध्येच तोडलं, तर 'सॉरी, सॉरी, तुम्ही बोला' असं म्हणणारी. आणि शनिवारी रात्री नऊनंतर? सात फुटी अर्ध-ऑर्क, हातात कुऱ्हाड, आणि राजदरबारात टेबलावर मूठ आपटून 'आधी आमचं ऐकून घ्या!' असं गरजणारी. पहिल्यांदा ती अशी ओरडली, तेव्हा कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही पाचही जण गार. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली ती वेगळीच!

हा सगळा मामला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, लाडानं 'डी अँड डी'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या जोडगोळीनं तो बाजारात आणला. सामान फारसं लागत नाही. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि भरपूर वेफर्स. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे आपापलं कॅरेक्टर काय करतंय ते सांगतात, आणि ते जमणार की फसणार हे फासा ठरवतो. प्रत्येक कॅरेक्टरचे सहा गुण कागदावर मांडलेले असतात. त्यात बुद्धी आणि शहाणपण यांचे रकाने वेगवेगळे आहेत. आपल्या अप्रेझल फॉर्मवाल्यांना हे कधी सुचणार कोण जाणे!

मला यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट वाटते ती व्याकरणाची. नवा खेळाडू सुरुवातीला बिचकत बोलतो, 'माझं कॅरेक्टर दार उघडतं.' अर्ध्या तासात ते 'मी दार उघडतो' होतं. कुणी शिकवत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. 'तो'चा 'मी' होतो आणि खेळ तिथून खरा सुरू होतो.

बघणाऱ्यांना ही पळवाट वाटते. ऑफिसला कंटाळलेल्या पोरांचे चाळे. पण पळायचंच असतं तर आमच्यातल्या सगळ्यांनी राजपुत्र आणि अप्सरा नसत्या निवडल्या? आमच्या टेबलावर एकही राजा नाही. बँकेत कर्जाच्या फायली नाकारणारा एक जण आहे, तो जखमा बऱ्या करणारा धर्मगुरू होतो आणि वाटेत भेटेल त्याला औषधपाणी करत सुटतो. सीएच्या आर्टिकलशिपमध्ये पै-पैचा हिशोब जुळवणारा मुलगा चोर आहे, खिसेकापू. मला तर वाटतं, आपण जे नाही ते कुणी निवडतच नाही. आपल्यात असतं पण आठवडाभर ज्याला रजा मिळत नाही, ते निवडतो.

संशोधकांनीही यात डोकं घातलंय. २००७ साली निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी काही लोकांना कॉम्प्युटरच्या आभासी जगात उंच शरीरं दिली, काहींना बुटकी. मग पैसे वाटून घ्यायचा खेळ खेळायला लावला. उंच शरीर मिळालेले जास्त ठामपणे घासाघीस करत होते! कादंबरीचंही तसंच. २०१२ साली जेफ कॉफमन आणि लिसा लिबी यांनी दाखवलं की वाचता वाचता माणूस स्वतःला विसरून पात्राच्या कातडीत शिरतो, पण समोर आरसा ठेवला तर ते जमणं अवघड होतं. सारखा स्वतःचाच चेहरा दिसला तर दुसरं कुणी होणार कसं? दिवसभर व्हिडिओ कॉलच्या कोपऱ्यात स्वतःचं थोबाड बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. त्या अर्ध-ऑर्कला मी एकदा सरळ विचारलं, 'मग ऑफिसात का नाही आपटत मूठ?' ती हसली. म्हणाली, 'कॅरेक्टरला ईएमआय नसतो गं.'

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. म्हणून 'रोल-प्ले करा, आत्मविश्वास वाढवा' छापाच्या वर्कशॉपवर माझा काडीचा विश्वास नाही. तिचं प्रमोशन झालेलं नाही. मॅनेजर तोच आहे. बदललं ते एवढंच, की शनिवारी नऊनंतर त्याचा फोन आला तर ती उचलत नाही. पूर्वी जेवणाच्या ताटावरून उठून उचलायची.

नॉर्डिक देशांत वेषभूषा करून असे खेळ खेळणाऱ्यांकडे यासाठी एक शब्द आहे, 'ब्लीड'. धुण्यात एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो ना, तसं. कॅरेक्टरचा रंग आपल्याला लागतो आणि आपला कॅरेक्टरला. दुसरी बाजू नेहमी गोड नसते. एका शनिवारी ऑफिसातली भांडणं डोक्यात घेऊन आलेल्या आमच्या धर्मगुरूनं शरण आलेला कैदी कापून काढला होता. टेबलावर कुणाला काही बोलायला सुचेना.

आणि रंग किती खोल लागू शकतो, हे बघायचं असेल तर नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट माहीत हवी. स्नायू हळूहळू निकामी करणारा ड्यूशेन हा आजार त्याला होता. २०१४ साली, वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं, पोराला ना मित्र मिळाले, ना कुणाच्या आयुष्यात त्याला जागा. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी टाकली आणि देशोदेशींहून ई-मेल यायला लागले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममध्ये तो वर्षानुवर्षं आयबेलिन नावाचा रुबाबदार गुप्तहेर होता. व्हीलचेअरवरचा मुलगा तिथे धावायचा, फ्लर्ट करायचा, लोकांच्या घरच्या कटकटी ऐकून घ्यायचा. आपला आजार त्यानं मित्रांपासून बराच काळ लपवला, कधी कधी तोडून वागला. म्हणजे देवमाणूस वगैरे नव्हता. पण अंत्यविधीला त्यातले काही जण परदेशातून आले. २०२४ साली यावर बेंजामिन री यांचा माहितीपट आला, नेटफ्लिक्सवर. त्या ई-मेलमध्ये लोक ज्याच्यासाठी रडले तो आयबेलिन की मॅट्स, हे मला तरी वेगळं करता आलं नाही.

पुस्तकात फासा नसतो. तिथे काय घडायचं ते आधीच लिहिलेलं. तरी माझं स्वतःचं कॅरेक्टर मला पुस्तकातच मिळालं. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सॅम, फ्रोडोचा माळी. टॉल्किन स्वतः १९१६ साली सॉमच्या लढाईत होता, आणि पहिल्या महायुद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून त्याला सॅम सुचला. सगळे अ‍ॅरागॉर्नवर फिदा असताना मला हा भांडीकुंडी वाहणारा गडी का आवडावा, हे कॉलेजात कळायचं नाही. ते कळलं बाबांच्या डायलिसिसच्या वेळी. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. फ्रोडोच्या गळ्यातली अंगठी सॅमला स्वतःकडे घेता येत नाही, म्हणून शेवटच्या चढावर तो फ्रोडोलाच पाठीवर घेतो. ते पान मी त्या खुर्चीत किती वेळा वाचलं असेल!

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. इंग्रजी कादंबरी वगैरे त्यांच्या वाटेला जाणारी गोष्ट नव्हे. 'एवढं काय वाचतेस?' म्हणाले, म्हणून मी हप्त्याहप्त्यानं सांगायला लागले, मराठीत. मला वाटलं, आता हे फ्रोडोबद्दल विचारतील, निदान गॅन्डाल्फबद्दल. त्यांचं सगळं लक्ष बिलवर. बिल म्हणजे सॅमचं तट्टू. मोरियाच्या दारापाशी पुढे घोड्याला वाट नसते, लांडग्यांच्या मुलखात त्याला सोडून द्यावं लागतं. पुढच्या हप्त्यात राक्षस आले, पूल कोसळला, गॅन्डाल्फ दरीत गेला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'त्या तट्टाचं काय झालं?'

पुढे दर वेळी तेच. शेवटी मी सांगून टाकलं, की शेकडो पानांनंतर सॅम परत येतो तेव्हा बिल आधीच ब्री गावात जाऊन पोचलेला असतो.

'एकटाच?'

'एकटाच.'

'रस्ता पाठ असणार,' बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मशीनवर अजून पाऊण तास बाकी होता.