सांडपाण्याचा शोषखड्डा व त्याची गाळकुंडी

घरोघरी नळ आले म्हणजे सांडपाणीही घरोघरी वाढते, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. त्यातील पाऊण हिस्सा जरी न्हाणी, मोरी व धुण्याच्या दगडावरून बाहेर पडला, तरी पाच माणसांच्या घरातून रोज 200 लिटरांवर पाणी वाहते. ते रस्त्यात साचले की त्यात हत्तीरोग पसरविणारे क्युलेक्स जातीचे डास वाढतात. (डेंग्यूचा डास बहुधा साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून खड्डा केला तरी आठवड्यातून एकदा रांजण कोरडा करण्यात हयगय करू नये.)

शोषखड्डा बहुतेकांस ठाऊक आहे. मात्र वर्षा-दोन वर्षांत तो तुंबला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. यात दोष बहुधा खड्ड्याचा नसतो. पाणी मुरते ते खड्ड्याच्या तळाच्या व बाजूंच्या मातीतील सूक्ष्म छिद्रांतून. तेलातुपाचा ओशटपणा, साबणाचा मळ, राख, शिते व केस यांचा थर त्यांवर बसला की पाणी उभे राहते. गावगटारे तुंबतात तीही बव्हंशी याच गाळाने.

याकरिता मोरी व खड्डा यांमध्ये गाळकुंडी अवश्य बांधावी. सुमारे 45 सेंमी. लांब, रुंद व खोल अशी विटांची कुंडी एका घरास पुरते. आत येणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी लावावी. बाहेर जाणारी नळी तळापासून निदान 20 सेंमी. उंच ठेवून तिला आतील बाजूस, तोंड खाली करून, एल्बो बसवावा. जड गाळ तळाशी बसतो, ओशट साय वर तरंगते आणि मधले पाणी तेवढे पुढे जाते. हा एल्बो खर्च वाचविण्यासाठी गाळला जातो. ती काटकसर महाग पडते. कुंडी दर आठवड्यास उपसून घाण खतखड्ड्यात टाकावी व वर झाकण ठेवावे.

खड्डा मीटरभर लांब, रुंद व खोल घेऊन दगडगोट्यांनी भरावा. विहिरीपासून तो 15 मीटर तरी, शक्य तर 30 मीटर दूर असावा. प्रथम जागेची परीक्षा करावी. लहान खळगा खणून रात्रभर पाण्याने भिजवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाणी 2.5 सेंमी. उतरण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. 30 मिनिटांहून अधिक लागल्यास तेथे खड्ड्यावर विसंबू नये. काळ्या चिकण जमिनीत असा अनुभव नेहमी येतो. तेथे गाळकुंडीतले पाणी परसातील केळी व कर्दळीस द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस देऊ नये.

पागोळ्यांचे पाणी शोषखड्ड्यात सोडू नये, तसेच शौचालयाचेही नाही. तुंबलेला खड्डा उन्हाळ्यात उकरून दगड धुवावेत, बाजूंचा व तळाचा ओशट थर खरवडून काढावा, आणि खड्डा काही दिवस उन्हात तापू देऊन मगच दगड पुन्हा भरावेत.