नगरसभेंत नागरिकांस बोलूं द्या

शहराचा कारभार ज्या सभागृहांत चालतो, तेथें जाऊन बसण्याचा नागरिकांचा हक्क जुना आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यांतच असें म्हटलें आहे कीं, सभा सर्वांस खुली असावी. एखादी चौकशी खाजगी ठेवणें इष्ट वाटल्यास सभासदांनीं बहुमतानें तसें ठरवावें. मात्र कामांत व्यत्यय आणणारास अध्यक्षांनीं बाहेर काढावें, हेंही तेथेंच नमूद आहे. यावरून व्यवहारांत एवढेंच निष्पन्न झालें कीं, कर भरणाऱ्या गृहस्थानें यावें, ऐकावें आणि मुकाट्यानें घरीं जावें. कानांस परवानगी, जिभेस बंदी!

खेड्यांतील स्थिती याहून बरी आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजीं अमलांत आली व ग्रामसभेस घटनेंत स्थान मिळालें. त्या सभेंत कोणीही मतदार उभा राहून सरपंचास हिशेब विचारूं शकतो. शहरांसाठीं ७४ वी दुरुस्ती त्याच वर्षीं १ जूनला आली. तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या नेमण्याचें तींत ठरलें. पुढें २००९ मध्यें महाराष्ट्रानें क्षेत्रसभेची तरतूद केली, परंतु ती बहुतेक ठिकाणीं कागदावरच राहिली. विद्येचा अभिमान बाळगणारा नागरिक या बाबतींत शेतकऱ्याच्याही मागें राहावा, ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय?

यावर आक्षेप असा येतो कीं, नगरसेवक लोकांतर्फे बोलतात, मग लोकांनीं निराळें बोलण्याचें प्रयोजन काय? उत्तर सोपें आहे. मत पांच वर्षांतून एकदां द्यावयाचें असतें. पेठेंतील रस्ता मात्र ऐन दिवाळींत खणला जातो, आणि दुकानदाराचें नुकसान पुढील निवडणुकीची वाट पाहत नाहीं. शिवाय मार्च २०२२ मध्यें मुंबई व पुणें येथील महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथें प्रशासकांनीं कारभार पाहिला. त्या काळांत प्रतिनिधीही नव्हता व त्याची सभाही नव्हती. सर्व हक्क एकाच दोरीस टांगले म्हणजे ती तुटतांच काय होतें, हें आपण पाहिलें आहे.

दुसरा आक्षेप गोंधळाचा. तो खोटा नाहीं. पण गोंधळावर उपाय नियम हा आहे, मौन हा नव्हे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें १९५३ सालीं ब्राउन कायदा केला. त्या कायद्याप्रमाणें नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधीं लावावी लागते, आणि कोणत्याही विषयाचा निकाल लागण्यापूर्वीं त्यावर बोलण्याची संधि लोकांस द्यावी लागते. सभेस वेळेची मर्यादा घालतां येते. अनेक शहरांत प्रत्येकास तीन मिनिटें देण्याचा प्रघात आहे. मात्र धोरणावरील वा अधिकाऱ्यांवरील टीका बंद करतां येत नाहीं. दुभाष्याची गरज असणारास दुप्पट वेळ मिळतो. नांव नोंदविल्यावांचून सभेस प्रवेश नाहीं, अशी अटही घालतां येत नाहीं.

हा शेवटचा नियम आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. ज्या फेरीवाल्याचा परवाना किंवा ज्या सफाई कामगाराची नोकरी एखाद्या अधिकाऱ्याच्या हातीं आहे, तो नांवगांव सांगून त्याच अधिकाऱ्याविरुद्ध कसा बोलेल? ज्याला भय अधिक, त्याचेंच गाऱ्हाणें बहुधा खरें असतें.

आमची सूचना थोडक्यांत अशी. विषयपत्रिका मराठींत, तीन दिवस आधीं, प्रभाग कार्यालयांत व मंडईंत लावावी. मत घेण्यापूर्वीं अर्धा तास नागरिकांसाठीं राखावा. बोलण्याचा क्रम येण्याच्या क्रमानें असावा, प्रतिष्ठेनें नसावा. शेटजी आणि मोलकरीण यांस घड्याळ एकच लागू व्हावें. शिवीगाळ करणारास थांबवावें, पण अप्रिय बोलणारास थांबवूं नये. प्रत्येक प्रश्नाचें उत्तर पुढील सभेच्या इतिवृत्तांत छापावें. नाहींतर बोलणें हा केवळ वाफ दवडण्याचा मार्ग ठरेल.

अध्यक्षांनीं मनावर घेतल्यास यांतील बराच भाग उद्यांही सुरू करतां येईल. परंतु सर्व दोष त्यांच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. आज ज्या गॅलरीच्या खुर्च्या खुल्या आहेत, त्या तरी आपण कितीदां भरतों? घरपट्टी वाढली म्हणजे ओट्यावर बसून बोटें मोडणारा, पण अंदाजपत्रकाच्या सभेकडे न फिरकणारा नागरिक, हाही या मौनाचा वांटेकरी आहे. पुढील सभेस दहा दुकानदार, दहा भाडेकरू आणि दहा गृहिणी वेळेवर जाऊन शांतपणें बसल्या, तर बोलण्याची परवानगी फार काळ नाकारणें कोणासही जड जाईल.