पंचविसाव्या दिवसापर्यंत

ऑक्टोबर १७९४च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापलेलं कावसजीच्या नाकाचं पत्र प्लास्टिक सर्जरीच्या जवळपास प्रत्येक इतिहासात येतं. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेला इंग्रज फौजेतला हा गाडीवान, पुण्याजवळ त्याला मिळालेलं नवं नाक, आणि पुढे १८१४ साली सर्जन कार्प्यूनं लंडनमध्ये त्याच रीतीनं केलेली शस्त्रक्रिया, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला मात्र वर्षानुवर्षं खिळवून ठेवलंय ते दोन डोळ्यांमधल्या कातडीच्या एका अरुंद पट्टीनं.

पत्रातली रीत अशी: मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेनं रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवून घ्यायची. डोळ्यांमधली पट्टी तेवढी कापायची नाही. मग कातडीला अर्धा पीळ देऊन ती खाली आणायची आणि तिची कड नाकाभोवतीच्या छेदात बसवायची. वर पाण्यात कालवलेला काथ लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. डोळ्यांमधल्या त्या पट्टीमुळेच रक्ताभिसरण टिकतं, हेही पत्रात स्वच्छ लिहिलंय. रुग्णाचं नाव त्यात आहे, अशी शस्त्रक्रिया पाहिलेल्या मुंबईच्या डॉक्टरांचीही आहेत. करणारा मात्र नुसता ‘वीटकरी जातीचा’. हे मला अजूनही डाचतं.

अशी एका पट्टीनं अंगाशी जोडलेली कातडी म्हणजे फ्लॅप, आणि ती पट्टी म्हणजे त्याचा देठ. फ्लॅप जितका लांब तितका त्याचा देठ रुंद हवा, हा नियम विसाव्या शतकातही सर्जनांना शिकवला जाई. १९७० साली मिल्टन या सर्जननं डुकरांवरच्या प्रयोगांतून तो खोडून काढला: रक्तपुरवठा सारखाच असेल, तर नुसती रुंदी वाढवून फ्लॅप जास्त लांबीपर्यंत जगत नाही. देठातून कोणती रक्तवाहिनी जाते, यावर सगळं ठरतं. कपाळाच्या फ्लॅपला डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या कोपऱ्यातून वर चढणारी रोहिणी मिळते, म्हणून बोटभर देठही पुरतो. वीटकऱ्याच्या हाताला हे नेमकं ठाऊक होतं. त्याला नशीब म्हणणं मला मान्य नाही.

धोका असतो तो पिळात. नीलेची भिंत पातळ आणि आतला दाब कमी, त्यामुळे आधी तीच दबते. रक्त येत राहतं, परत जात नाही. फ्लॅप जांभळा पडतो, फुगतो, बोटानं दाबून सोडला की रंग झटकन परततो. रोहिणी बंद पडली तर उलट: कातडी फिकट, गार, आणि रंग परतायला उशीर. जांभळ्या फ्लॅपचे टाके सैल करतात, प्रसंगी जळवा लावतात. वेळेत वाट मोकळी झाली नाही, तर फ्लॅप काळा पडतो.

दरम्यान नाकाच्या कडांतून नव्या केशवाहिन्या फ्लॅपमध्ये शिरत असतात. त्यांच्या जोरावर तो जगू लागला की देठाची गरज संपते. आज हा देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतात. पुण्याजवळच्या त्या वीटकऱ्याचा दिवस पत्रात नोंदलाय: सुमारे पंचविसावा.