अंगणातलं नेट (लेखांक 5) : मोज्यातला चेंडू

मागच्या आठवड्यात बांबूचे स्टंप तासून झाले. आजचं काम त्याहून सोपं. जुना सीझन बॉल, एक नायलॉनचा मोजा आणि दोरी एवढंच लागतं. मोजा कुणाचा, हे मात्र घरात आधी ठरवून घ्या. आमच्याकडे बाबांचा ऑफिसचा मोजा गेला आणि सोमवारी सकाळी त्याची शोधाशोध झाली.

चेंडू मोज्यात घालून वर घट्ट गाठ मारा. उरलेला मोजा पुन्हा चेंडूवरून उलटवून दुसरी गाठ मारा, कारण एकपदरी मोजा फार दिवस टिकत नाही. गाठीत जुनी की-रिंग अडकवून तिला दोरी बांधली की दोरीला पीळ कमी पडतो. टांगायला आंब्याची जाड फांदी चालेल. पडवीतली झोपाळ्याची कडी त्याहून बरी. शेवग्याच्या वाटेला जाऊ नका, त्याची फांदी कटकन मोडते. आता बॅट जमिनीला टेकवून उभी धरा. टोकापासून साधारण 6 इंचांवर चेंडूचा मध्य यायला हवा.

दोरी किती लांब? इथे शाळेतला लंबक कामी येतो. झोक्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, टांगलेल्या वजनावर नाही. कडीपासून चेंडूच्या मध्यापर्यंत 2 मीटर अंतर असेल, तर ढकललेला चेंडू सुमारे 1.4 सेकंदांनी पुन्हा बॅटपाशी येतो. 1 मीटर असेल तर सेकंदाभरात. चेंडू हळू ढकलला काय किंवा थोडा जोरात काय, फरक किरकोळ. नवशिक्याला लांब दोरीच द्या, बॅट मागे न्यायला तेवढी उसंत मिळते.

काही जण चेंडू दोन दोऱ्यांनी इंग्रजी व्ही अक्षरासारखा बांधतात, म्हणजे तो इकडेतिकडे न भटकता समोरच जातो-येतो. मला ही युक्ती मुळीच पटत नाही. एका दोरीवरचा चेंडू तुमची चूक लपवत नाही, हीच तर त्याची सगळी किंमत! बॅट सरळ आली तर चेंडू सरळ जातो आणि त्याच रेषेत परत येतो. पातं जरा तिरकं झालं, की चेंडू लंबगोल फिरू लागतो आणि पुढच्या वेळी बॅटच्या बाजूने निघून जातो. जमिनीवर चुन्याची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे किती चुकलं तेही दिसेल. दुसरी दोरी बांधणं म्हणजे परीक्षकालाच गप्प बसवणं. सलग 20 वेळा चेंडू रेघेवरून गेला-आला तर खुशाल मिरवा. मला अजून 13 च्या पुढे जमलेलं नाही.

टोलवायचं मात्र नाही. सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅमचा असतो आणि जोरात मारला तर तेवढ्याच जोरात तोंडावर येतो. लहान मुलांसाठी टेनिस बॉल टांगा. तो हलका असल्याने झोके लवकर मंदावतात, एवढीच अडचण.

या चेंडूला टप्पा नाही, म्हणून पाय पुढे टाकायचा की मागे, हे तो शिकवत नाही. चपळाईही नाही. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोचतो, त्यापुढे आपला लंबक म्हणजे बैलगाडीच. त्यासाठी भिंत हवी, तीही शक्यतो वाकडी. ऑस्ट्रेलियातल्या बॉवरल गावात लहानगा डॉन ब्रॅडमन घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या गोल विटकामावर गोल्फचा चेंडू फेकायचा आणि कसाही उडून आलेला तो चेंडू एका स्टंपने मारायचा. पुढे कसोटीत त्याची सरासरी 99.94 झाली.

पुढच्या आठवड्यात तीच भिंत. तोवर एक गोल्फचा चेंडू मिळवून ठेवा आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या कुठे आहेत, ते एकदा नीट पाहून घ्या.