गाडी केव्हा बिघडते?

मे महिन्याची दुपार, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली काळीपिवळी पद्मिनी आणि बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतणारा टॅक्सीवाला. चाळिशी ओलांडलेल्या मुंबईकराला हे चित्र नवीन नाही. ते ओलं फडकं इंजिनच्या कुशीत बसवलेल्या मुठीएवढ्या फ्यूएल पंपावर ठेवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि चावी फिरवायची. गाडी बहुतेक वेळा चालू व्हायची. पंपात पेट्रोलची वाफ झाली की त्याच्या पडद्याला ती ओढता येत नाही, कारण द्रव ढकलता येतो आणि वाफ नुसती दबते. फडक्याने पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. उपचाराला भौतिकशास्त्राचा पक्का आधार होता.

गंमत अशी, की अनेकदा दोष पंपात नसायचाच. तो इग्निशन कॉइलमध्ये असायचा, आणि त्या दहा मिनिटांत कॉइलही आपोआप थंड व्हायची. गाडी चालू झाली की श्रेय फडक्याला. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो इथेच. उपाय लागू पडला म्हणजे निदानही बरोबर होतं, असं आपण धरून चालतो.

हा लेख मुख्यतः पद्मिनीच्या आधाराने लिहितो आहे, कारण ती आपल्याकडची आहे आणि तिच्यात लपवाछपवी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली, १९६४ मध्ये तिचं 'डिलाइट' रूप आलं आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात, गोव्यात अजून पुष्कळ आहेत आणि त्यांचे मालक दर रविवारी काही ना काही उघडून बसलेले असतात. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, कास्ट आयर्नचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, एक कार्ब्युरेटर आणि मागच्या चाकांना ओढ. यात कॉम्प्युटर नाही, त्यामुळे दोषाचा कोड वाचून दाखवणारं यंत्र इथे कामाचं नाही. प्रश्न आपणच विचारायचे.

त्यातला पहिला प्रश्न 'काय होतं?' हा नव्हे. 'केव्हा होतं?' हा. 'गाडी बंद पडते' या तक्रारीतून काहीच हाती लागत नाही. 'अर्धा तास चालल्यावर, सिग्नलला उभी असताना बंद पडते आणि वीस मिनिटांनी पुन्हा चालू होते' या वाक्यात निम्मं निदान आहे. चांगला फिटर पान्याला हात लावण्याआधी हेच खोदून खोदून विचारतो. जो विचारत नाही आणि थेट 'कार्ब्युरेटर साफ करावा लागेल' म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत आणावी हे उत्तम.

गरम झाल्यावर बंद पडण्याच्या बाबतीत संशयित तीन: पेट्रोलची वाफ, कॉइल आणि कंडेन्सर. तिघांचीही लक्षणं सारखीच असतात, आणि गाडी थंड झाली की पुरावाही नाहीसा होतो. म्हणून तपास बंद पडल्या क्षणीच करायला हवा. एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या घशात डोकवा आणि थ्रॉटल हाताने झटकन उघडा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि वाफेवरचा आरोप जवळजवळ संपला. पिचकारी नसेल तर खुशाल फडकं भिजवा. पिचकारी उडत असेल तर एअर क्लीनर परत बसवून मोर्चा करंटकडे वळवा. डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या जाड वायरचं टोक रबरी मुठीच्या पकडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरून सेल्फ मारायला सांगा. निळी, कडाडून उडणारी ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळट, मरतुकडी ठिणगी किंवा काहीच नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, हे आधी पाहायचं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

कॉइल गरम होऊन मरण्याचं एक कारण फारसं कुणी तपासत नाही. बाजारात दोन जातींच्या कॉइल मिळतात. एकीच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध ३ ओहमच्या आसपास असतो आणि ती १२ व्होल्टवर थेट चालते. दुसरीचा दीड ओहमच्या आसपास असतो आणि तिच्या आधी वेगळा रेझिस्टर लागतो. दुसरी कॉइल रेझिस्टरशिवाय बसवली तर गाडी पहिल्या दिवशी झकास पळते, पण कॉइलमधून दुप्पट करंट वाहत राहतो आणि महिन्याभरात तीच 'गरम झाली की बंद' ही तक्रार सुरू होते. साध्या मल्टिमीटरने दुकानातच मोजून घ्यावी.

कंडेन्सर हा तर चिमटीत मावणारा डबा. त्याची क्षमता साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तेव्हा डिस्ट्रिब्युटर १५०० फिरतो आणि पॉइंट मिनिटाला ६००० वेळा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा उघडतात. प्रत्येक वेळी उडू पाहणारी ठिणगी गिळायची आणि कॉइलचं चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळू द्यायचं, हे कंडेन्सरचं काम. तो ढेपाळला की पॉइंट काळे पडतात, त्यांना खळगे पडतात. 'पॉइंट महिन्याला खराब होतात' असं कुणी म्हटलं की मी पॉइंटकडे पाहतच नाही. नवा कंडेन्सर जुन्यापेक्षा चांगला असतो, या समजुतीवरही माझा विश्वास राहिलेला नाही. हल्ली डब्यातून काढलेले नवे कोरे कंडेन्सर आठवड्यात मान टाकतात. त्यामुळे चालू स्थितीतला जुना कंडेन्सर काढला तर तो फेकू नये, गाडीच्या कप्प्यात ठेवावा.

आता पेट्रोलबद्दल, कारण गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्यांच्या तक्रारींचं गणितच त्याने बदललं आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊसउत्पादक महाराष्ट्राने त्याबद्दल तक्रार करावी की आनंद मानावा हा वेगळा विषय. पद्मिनीला मात्र ते सोसत नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ भाग. म्हणजे २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. आधुनिक गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल देत राहतो आणि मिश्रण पातळ होतं. लक्षणं अशी: सकाळी चोक जास्त वेळ लागतो, चढावर पिकअप अडखळतो, प्लगचं टोक फिक्या तपकिरीऐवजी पांढरट दिसतं. उपाय मेन जेट एखाद-दोन नंबर मोठा घालण्याचा. तो घालून पुन्हा प्लग पाहायचा.

इथेनॉलचा दुसरा त्रास रबराला. जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा फुगतात, मऊ होतात, पुढे त्यांना चिरा जातात. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हा गाडी पेटण्याचा सरळ मार्ग आहे, म्हणून एकदा सगळ्या नळ्या बदलून 'जे-३० आर-९' दर्जाच्या घालाव्यात. यात कंजूषपणा नको. तिसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, आणि पावसाळाभर गाडी उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन बसतो. त्यातच टाकीतला वर्षानुवर्षांचा कचरा सुटतो आणि फिल्टर तुंबतो. बिघडलेल्या मानल्या गेलेल्या कित्येक कार्ब्युरेटरांचा गुन्हा इतकाच, की फिल्टर कुणी बदललेला नव्हता.

गरम होण्याच्या तक्रारीवर आपल्याकडे एक अडाणी उपाय रूढ आहे: थर्मोस्टॅट काढून फेकणे. काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण मग इंजिन थंडीत आणि पावसात योग्य तापमानाला पोचतच नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि बोअर लवकर झिजतो. मूळ रोग, म्हणजे क्षारांनी तुंबलेला रेडिएटर, जागेवरच राहतो. त्याचं रॉडिंग करून घ्यावं, फॅन बेल्टचा ताण पाहावा, वॉटर पंपाच्या भोकातून पाणी झिरपतं का ते पाहावं. हे सगळं ठीक असूनही गाडी तापत असेल तर हेड गॅस्केट. ॲल्युमिनियम तापल्यावर कास्ट आयर्नच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. या दोन धातूंच्या मधोमध गॅस्केट बसलेलं असतं, आणि एकदा जोरात तापलेलं हेड वाकडं व्हायला वेळ लागत नाही. थंड इंजिन चालू करून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं की बुडबुडे सतत येतात, किंवा ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस दिसतो. हेड उतरवलंच तर फेसिंग करून घ्यावं आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळावेत. 'हाताचा अंदाज आहे' म्हणणाऱ्या फिटरचा अंदाज हेडला मान्य असेलच असं नाही.

धुराचं निदान सर्वांना तोंडपाठ असतं: निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जास्त पेट्रोल, पांढरा आणि न थांबणारा म्हणजे पाणी. पण इथेही वेळच खरं सांगते. खंडाळ्याचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, सिलिंडरमध्ये मोठी पोकळी तयार होते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल आत ओढलं जातं. पायथ्याशी पाय दिला की निळ्या धुराचा एक लोट येतो आणि थांबतो. तो गाइडचा दोष. चढताना, भार असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. पहिल्याला हेड उतरवून भागतं, दुसऱ्याला बोअर-पिस्टनचं काम करावं लागतं. खर्चातला फरक अनेक पटींचा आहे आणि तो केवळ आरशात नीट पाहून कळतो.

खात्रीसाठी कम्प्रेशन गेज आहेच. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा फेऱ्या. चांगल्या इंजिनात १२० ते १५० पीएसआयच्या दरम्यान आकडे येतात, पण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा; तो १०-१५ टक्क्यांच्या वर नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सारखेच कमी असतील तर दोघांच्या मधलं गॅस्केट फुटलेलं आहे. अर्ध्या तासाचं काम, आणि त्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नये.

आवाजांबद्दल थोडक्यात. थंडपणी खडखडून गरम झाल्यावर निवणारा आवाज पिस्टनचा, त्याची घाई नाही. प्लगची वायर काढल्यावर बुजणारा ठोका बिग एंडचा. गाडी तिथेच थांबवून टो करून न्यावी.

इंजिनच्या मागे जे काही आहे त्याचं निदान लोक उगीच अवघड समजतात. गाडी ठरावीक वेगाला थरथरते ना? त्याच वेगात न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलिंगवर येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर दोष चाकं, जॉइंट शाफ्ट किंवा डिफरन्शियलकडे. थांबली तर इंजिन, क्लच किंवा माउंटिंगकडे. ॲक्सिलरेटर देता-सोडताना 'टक्' असा आवाज आला तर युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. डिफरन्शियलची शीळ ओढताना एका सुरात आणि पाय सोडल्यावर दुसऱ्या सुरात येते. रस्त्याच्या वळणावर बदलणारी घरघर मात्र चाकाच्या बेअरिंगची, तिच्यापायी क्राउन-पिनियन उघडू नये.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. दोन गिअरच्या मध्ये तो अडकला की नवखे घाबरतात आणि गिअरबॉक्सच गेला म्हणतात. दोष बहुधा बाहेरच्या लिंकेजच्या झिजलेल्या बुशांचा असतो. बॉनेट उघडून दांड्याच्या खालचे हात हलवले की सुटतो, आणि बुश बदलण्याचा खर्च किरकोळ. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही. टाकला तर करकर होणारच, तो बिघाड नव्हे. गिअरबॉक्समध्ये ऑइल घालताना मात्र डब्यावरची अक्षरं वाचावीत. 'ईपी ९०' एवढं पुरत नाही. जीएल-५ दर्जाच्या ऑइलमधले गंधकयुक्त घटक पितळी सिंक्रो रिंगांना खातात, म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४ घ्यावं. दुकानदार दोन्ही एकच आहेत असं सांगेल.