तांबडे कुठले, हिरवे कुठले?

संगणकावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या पडद्यावर सहज नजर टाकली, तरी मजकूर रंगीबेरंगी दिसतो. ‘इफ’, ‘रिटर्न’ असे ठरलेले शब्द निळे, अवतरणचिन्हांतला मजकूर तांबडा, समजण्यासाठी लिहून ठेवलेल्या टिपा हिरव्या. हे रंग मूळ फाइलमध्ये नसतात. एडिटर ते वरून चढवतो. एखादे अवतरणचिन्ह मिटवायचे राहिले, की पुढचा मजकूर भलत्याच रंगात जातो आणि चूक चटकन लक्षात येते.

मात्र तांबडा-हिरवा फरकच डोळ्यांना नीट कळत नसेल तर? उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे १२ पैकी एकाला ही अडचण असते, स्त्रियांत २०० पैकी एकीला. संबंधित जनुके ‘एक्स’ गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांकडे ते एकच असते, म्हणून हा फरक. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टनने १७९४ मध्ये स्वतःच्या अशाच दृष्टीचे वर्णन केले. डोळ्यातला द्रव निळा असावा, असा त्याचा तर्क होता. तो चुकीचा ठरला. जपून ठेवलेल्या त्याच्या डोळ्याच्या डीएनए तपासणीतून खरे कारण १९९५ मध्ये कळले: हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हते. अशा डोळ्यांना गडद तांबडा आणि हिरवा दोन्ही तपकिरीसारखे भासू शकतात. म्हणजे टीप कुठली नि चालणारा मजकूर कुठला, हे रंगावरून ओळखणे अवघड.

एखादी कंपनी विम्याचे नियम लिहायला स्वतःची छोटी भाषा तयार करते, तेव्हा वेबपानावर बहुधा तयार एडिटर बसवते. मायक्रोसॉफ्टचा ‘मोनॅको’ हा त्यांतलाच. ‘व्हीएस कोड’मध्ये तोच आहे. नवी भाषा त्याला शिकवावी लागते. आधी नियम: अक्षरांचा अमुक नमुना दिसला तर तो ‘कीवर्ड’, तमुक दिसला तर ‘स्ट्रिंग’. नियम क्रमाने तपासले जातात आणि आधी जुळेल तो लागू होतो. क्रम चुकला, की ठरलेला शब्दही साधे नाव समजला जातो. मग थीम: कोणत्या नावाला कोणता रंग.

खरी मेख या दोन टप्प्यांच्या मध्ये आहे. घाईत काही जण तुकड्यांना ‘लाल’, ‘हिरवा’ अशीच नावे देऊन टाकतात. तुकड्याचे नाव त्याच्या कामावरून ठेवले, तर नियमांना हात न लावता थीम बदलता येते. निळा-नारिंगी जोडी घेता येते, शिवाय ठळक, तिरपे, अधोरेखित असे रंगाविना कळणारे फरकही करता येतात. मोनॅकोत ठळक विरोधाच्या थीम तयारच मिळतात. त्या निवडायचे बटण पानावर द्यायचे की नाही, हे मात्र पान बनवणाराच ठरवतो.